उश्मालचा गणपती आणि पुण्याचा तिसरा मजला

ऑकलंडजवळच्या टाकानिनीतल्या आमच्या घरात फ्रिजवर एक कागद सात आठवडे किवी पक्ष्याच्या मॅग्नेटखाली लटकत होता. आईने न्यूझीलंडमध्ये कायमचं राहावं म्हणून मी जो अर्ज भरला होता, त्यातलं ते सहीचं पान. बाकी सगळी पानं मी भरली होती, तिची उंचीसुद्धा अंदाजाने लिहून टाकली होती. सही तेवढी तिची हवी होती. दुधासाठी, कोथिंबिरीसाठी, ताकासाठी ती दिवसातून दहा वेळा तो फ्रिज उघडायची आणि त्या कागदाकडे ढुंकूनही बघायची नाही.

भांडण साधं होतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्यातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. आई त्र्याहत्तर वर्षांची. तिने आता इथेच राहावं असं माझं म्हणणं. आपल्या घरी, आपल्या ओट्यापाशी, एकटीने आणि मजेत राहावं असं तिचं म्हणणं. "मजेत" हा शब्द ती मुद्दाम जोर देऊन म्हणायची, म्हणजे इथे मजा नाही हे आपोआप पोचायचं.

मी पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर आहे. कुठला पूल कुठून कुजतोय हे बघायला मी पिवळं जॅकेट घालून त्याच्या पोटाखाली शिरते. या देशात कुठलंही काम सुरू करण्याआधी आम्ही धोक्यांचा तक्ता भरतो. धोका काय, होण्याची शक्यता किती, झाला तर परिणाम काय, उपाय काय, जबाबदार कोण. साधी शिडी लावायची असली तरी तक्ता. तर एका शनिवारी मी आईचा तक्ता केला. एकतीस ओळी झाल्या. 'जिन्यात पाय घसरणे' लाल रंगात. 'रात्री पाणी जाणे' पिवळ्यात. मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवला.

तिने चष्मा लावून सगळा वाचला. पेपर वाचते तसा, वरून खालपर्यंत. मग विचारलं, "यात 'कंटाळा' कुठे आहे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर आमचा रस्ता होता. टाकानिनीची नवी वसाहत, सगळी घरं एकाच राखाडी रंगाची, आणि दिवसभरात पायी जाणारा माणूस एखादाच, तोही कुत्र्याने ओढत नेलेला. आई आठवड्यातून एकदाच जिवंत व्हायची, रविवारी अवोन्डेलच्या बाजारात. तिथे ती मेथीची जुडी उलटीपालटी करून टोंगा बेटांवरच्या भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायची आणि समोरची तिच्या भाषेत. दोघींचंही समाधान व्हायचं. बाकी सहा दिवस ती खोली गरम करणाऱ्या, भिंतीवरच्या हीट पंपाचा रिमोट हातात घेऊन बसायची.

या सगळ्यात प्राचीन मायन लोक आले ते माझ्या लेकीमुळे. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने सीरिअलच्या खोक्यांचा त्यांचा एक पिरॅमिड केला होता आणि तो तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकून होता. आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

"किती पायऱ्या गं याला?" आईने विचारलं.

"लाइक, अ हंड्रेड अँड समथिंग, आजी."

"म्हणजे माझ्या जिन्याच्या दुप्पट," आई म्हणाली आणि वरणभाताचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. त्या नजरेला मी लहानपणापासून ओळखते. "खरोखरीचा कुठे आहे हा?"

खरोखरीचा मेक्सिकोत, उश्माल नावाच्या ठिकाणी. आणि जुलैच्या सुट्टीत आम्ही तिघी अमेरिकेला माझ्या भावाकडे जाणारच होतो. आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यावर मेक्सिकोतही जाता येतं, हे लेकीने जागच्या जागी फोनवर शोधून काढलं. या घरात माझ्या बाजूने कोणी नसतं.

करार असा ठरला. आई तो पिरॅमिड स्वतःच्या पायांनी चढली तर मी कागद फाडायचा आणि ती पुण्याला जाणार. नाही चढली तर तिने तिथल्या तिथे, पायथ्याशी, सही करायची. मी कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि सोबत निळं पेन घेतलं. नवऱ्याने "तुम्ही तिघी मस्त एन्जॉय करा" म्हणत स्वतःची सुटका करून घेतली.

मग तयारी सुरू झाली. दर शनिवारी आम्ही पुकेकोहेला बटाटे-कांदे आणायला जायचो, तिथून टेकडीवर. आई पंजाबी ड्रेस, त्यावर माझं जुनं रेनकोटाचं जॅकेट, पायात लेकीचे स्पोर्ट्स शूज. वारा असा की माणूस बाजूला सरकावा. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत एका लयीत चढायची आणि वर पोचून माझी वाट बघायची. मी मागून यायचे आणि धाप लागलेली कळू नये म्हणून लांबवरच्या शेतांकडे कौतुकाने बघत उभी राहायचे.

"मम, यू ओके?" लेक विचारायची.

"व्ह्यू बघतेय," मी म्हणायचे. एका शनिवारी तर तिथे नुसतं धुकं होतं.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी तक्त्यात लिहिली नव्हती. बाबा आजारी पडले तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. मी इतकी लांब, उगाच कशाला जिवाला घोर, असं दोघांनी मिळून ठरवलं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आईच्या मागे एक पांढरी भिंत दिसायची. बाबा कुठेत विचारलं की ती म्हणायची, आंघोळीला गेलेत. एकोणीस दिवस बाबा आंघोळीला जात होते आणि पुलातली केसाएवढी भेग शोधणाऱ्या मला एकदाही शंका आली नाही. ती भिंत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरची होती. विसाव्या दिवशी भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा एक दिवस उशीर झाला होता.

त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. मी रागावलेही नाही, कारण आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हेच चालतं. आईवडील तिकडून "सगळं ठीक" म्हणतात, आम्ही इकडून "सगळं मस्त" म्हणतो आणि फोन ठेवतो. पण त्यानंतर आई "मी मजेत राहीन" म्हणाली की माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी भिंत यायची.

ऑकलंडच्या विमानतळावर आईने पहिलीच कुरापत काढली. पिरॅमिड चढायला निघालेल्या या बाईने स्वतःसाठी व्हीलचेअर मागवली होती. भावाला परस्पर फोन करून, तिकिटात लिहून घेऊन.

"आई, तू शंभर पायऱ्या चढणार आहेस ना?"

"चढायचं तिथे चढेन. इमिग्रेशनच्या रांगेत कशाला उभी राहू? आमच्या सोसायटीतल्या सगळ्या घेतात." आणि ती खुर्चीत बसून, पर्स मांडीवर ठेवून, रांगेतल्या चारशे माणसांच्या शेजारून झपकन पुढे गेली. मी आणि लेक तिच्या मागे सामान घेऊन पळत होतो. मी मनात तक्त्यात एक ओळ माझ्या बाजूने वाढवली.

उश्मालला आम्ही सकाळी आठला, दार उघडायच्या वेळी पोचलो. टाकानिनीत आम्ही निघालो तेव्हा गवतावर दव गोठत होतं. इथे आठ वाजता कपडे अंगाला चिकटले. मी आईसाठी टोपी, छत्री, दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या आणि मिठाच्या गोळ्या घेतल्या होत्या. दर वीस मिनिटांनी माझ्या फोनवर अलार्म वाजायचा आणि मी म्हणायचे, "आई, पाणी." तिचा फोनही माझ्याच बॅगेत होता, हरवू नये म्हणून. ओळ क्रमांक बारा.

दाट झाडीतून वळलो आणि तो पिरॅमिड एकदम समोर आला. माझ्या नोकरीमुळे मला बांधकामाचं फारसं कौतुक वाटत नाही, पण याचं वाटलं. उंच, उभा आणि चक्क गोलसर. त्याला कोपरेच नाहीत. समोरून जिना असा उभा चढलेला की खालून वरची पायरी दिसत नाही. आईने मान वर केली, ओढणी कमरेला खोचली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"देवळाच्या पायऱ्या बुटाने चढतात का?"

तेवढ्यात मला जिन्याच्या पायथ्याशी ताणलेला दोर दिसला. दोराला एक पाटी. पाटीवर जिना चढणारा माणूस, त्यावर लाल फुली. भाषा यायची गरज नव्हती.

एकतीस ओळींचा तक्ता केलेल्या, बारा हजार किलोमीटर आलेल्या बाईने पिरॅमिडवर चढू देतात का, हे बघितलं नव्हतं. लेकीने फोनवर वाचून सांगितलं की चढणं केव्हाच बंद झालंय, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. ती जमिनीवर बसून हसत होती. मला त्या पाटीला लाथ घालावीशी वाटली.

आई एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी अशी उभी होती. "मग आता?"

"आता करार रद्द. सही कर."

"का म्हणून? मी चढायला तयार आहे. त्या दोराला सांग."

आम्ही दोघी तिथेच, त्या प्राचीन वास्तूसमोर, भाजीवरून भांडावं तशा भांडलो. शेजारून एक जर्मन ग्रुप गेला, त्यांनी आमच्यापासून अंतर ठेवलं. शेवटी आई म्हणाली की आलोच आहोत तर बाकीचं बघून घेऊ, आणि दुसरा बूटही काढून हातात घेऊन चालायला लागली.

बाकीच्या इमारतींच्या भिंतींवर, वर, रांगेने तेच एक तोंड कोरलेलं होतं. मोठे गोल डोळे, दात, आणि मधोमध लांब, पुढे येऊन वर वळलेलं नाक. आई तिसऱ्या तोंडापाशी थांबली.

"गणपती," ती म्हणाली.

"आजी, नो. दॅट्स द रेन गॉड."

"पावसाचा असेल, पण आहे गणपतीच. सोंड दिसत नाही का तुला? एवढा प्रोजेक्ट केलास आणि." मग तिने आणखी वर बघून बारीक तपासणी केली. "डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. सरळ वर. म्हणजे सोवळंओवळं काही सांभाळायला नको. बरं झालं, इथे कोण करणार?"

एका बाजूला पडझडीतले दगड जमिनीवर ओळीने मांडून ठेवले होते आणि त्यात तसंच एक तोंड होतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सोंड शाबूत. आईने पर्स उघडली. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या अंगणातलं लाल जास्वंद तिने खुडून रुमालात ठेवलं होतं, कशासाठी ते मी विचारलं नव्हतं. तिने वाकून गवतात शोधून दूर्वांसारखं काहीतरी खुडलं, फूल आणि गवत त्या सोंडेवर वाहिलं, आल्याच्या वडीचा तुकडा समोर ठेवला आणि डोळे मिटले. मी एकीकडे "आई, हात लावू नको, हेरिटेज आहे" म्हणत होते आणि दुसरीकडे माझेही हात जोडले गेले होते. सवय.

डोळे उघडले तेव्हा दगडामागून एक हातभर लांबीचा, काटेरी पाठीचा सरडा, इग्वाना, आला. त्याने आमच्याकडे अजिबात न बघता जास्वंद तोंडात धरलं आणि चार घासात संपवलं. वडीला तोंड लावलं नाही.

"याचं वाहन हे दिसतंय," आई म्हणाली.

त्याच क्षणी शिट्टी वाजली. खाकी कपड्यातला एक रखवालदार हात हलवत आमच्याकडे येत होता. मेक्सिकोच्या तुरुंगात आईच्या गोळ्यांची वेळ कशी सांभाळायची, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आई शांतपणे त्याच्याकडे वळली. परदेशात माणसाशी काय बोलायचं, तर माओरीतला नमस्कार, हे ती ऑकलंडच्या बस ड्रायव्हरांकडून शिकली होती.

"किया ओरा," ती त्याला हसून म्हणाली.

तो थबकला. त्याने गवताकडे पाहिलं, वडीकडे पाहिलं, आईच्या हातातल्या बुटांकडे आणि अनवाणी पायांकडे पाहिलं. मग बोट नाचवत, नाही नाही, अशी मान हलवली आणि वडी उचला अशी खूण केली. आईने वडी उचलली, तिचे दोन भाग केले आणि एक त्याच्या हातावर ठेवला. प्रसाद. त्याने तो खाल्ला. बुटांकडे बोट दाखवून तो निघून गेला आणि आईने बूट घातले.

"आजी इज स्वीट अ‍ॅज," लेक म्हणाली, म्हणजे तिच्या न्यूझीलंडच्या भाषेत एकदम भारी.

मला हसायचं होतं. पण समोरची भिंत मागेपुढे व्हायला लागली होती. साडेदहा वाजले असतील. अलार्म वाजला आणि मी "आई, पाणी" म्हणाले, आणि तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी स्वतः एक घोटही प्यायले नव्हते. तक्त्यात माझ्या नावाची ओळच नव्हती, फक्त 'जबाबदार कोण' या रकान्यात मी एकतीस वेळा होते. कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजलं आणि मी बसले. बसले म्हणजे पडलेच.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पिरॅमिडच्या पलीकडे एका झाडाखाली दोघींनी मला ओढत नेलं. आईने ओढणी माझ्या तोंडावर टाकली, शेवटचं पाणी तिच्यावर ओतलं. काहीतरी पारदर्शक फडफडत वारा घालत होतं. मी डोळे किलकिले केले तर तो फोल्डर. सहीचं पान आतमध्ये इकडून तिकडे होत होतं.

"तू हिच्यापाशी बस, हलू नकोस," आई नातीला म्हणाली. "दाराशी लिंबं दिसली होती मला." आणि ती गेली. एकटी, फोन नसताना, भाषा नसताना, त्या उन्हात.

ती चाळीस मिनिटांनी आली. हातात एक मोठा प्लॅस्टिकचा ग्लास, लिंबू, साखर, मीठ, सगळं बरोबर प्रमाणात. ग्लास अर्धाच होता. वाटेत सांडला असेल असं मला वाटलं. ती माझं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजत होती आणि माझ्यावर ओरडत होती, लहानपणी ताप आला की ओरडायची तसंच. मग तोच रखवालदार आला, त्याने एका बाजूने मला धरलं, आईने दुसऱ्या बाजूने, आणि अशी माझी वरात दारापर्यंत निघाली. तिथे लिंबं विकणारी बाई आईला बघून हात हलवत होती. दोघींची ओळख झालेली दिसत होती.

पुढचा आठवडा भावाकडे गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की सगळं ऐकून त्याने दोष मला दिला.

टाकानिनीला परतल्यावर मी कागद फोल्डरसकट पुन्हा फ्रिजवर लावला. खरं तर माझी बाजू हरली होती. ज्या बाईला मी सांभाळायला नेलं तिने मला उचलून आणलं, हे लेकीने शाळेत, नवऱ्याला आणि शेजारच्या घरी सांगून झालं होतं. तरी मी कागद लावला, कारण मी हट्टी आहे आणि कारण ती पांढरी भिंत अजून तिथेच होती.

त्या रविवारी बाजारातून आल्यावर आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होतो. पिरॅमिड एकदाचा रिसायकलच्या डब्यात गेला होता. बाहेर पाऊस होता, हीट पंप घुरघुरत होता.

"तुला एक सांगायचंय," आई म्हणाली. "त्या दिवशी मी हरवले होते."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"लिंबूपाणी मिळालं पटकन. ती बाई चांगली होती. पण परत येताना चुकले. तो पिरॅमिड गोल ना. कोपरा असला म्हणजे माणसाला कळतं कुठे वळायचं ते. एक फेरी झाली, दुसरी झाली, तुमचं झाड काही येईना. सगळी झाडं सारखीच. तिकडे तू अशी पडलेली. पाय लटपटायला लागले. छातीत धडधड. मला वाटलं आता मीपण पडते इथे."

"मग?"

"मग एका दगडावर बसले आणि तुझं पाणी अर्धं मीच प्यायले. तू तिकडे तहानलेली आणि मी इथे पितेय. फार लाज वाटली. पण प्यायले. मग डोकं जागेवर आलं. जाताना ऊन माझ्या डाव्या गालावर होतं, म्हणजे येताना उजव्या गालावर हवं. तसं धरून चालले. आले."

मला एकदम राग आला. "हे आत्ता का सांगतेयस? समोर तो कागद आहे. तुला जायचंय ना पुण्याला? मला कधीच कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं." ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "बाबांच्या वेळी सांगितलं नाही, म्हणून. बाबा नको म्हणाले होते, पण फोन माझ्या हातात होता. रोज ठरवायचे की आज सांगते, आणि तुझा चेहरा दिसला की आंघोळीला पाठवायचे त्यांना." तिचा आवाज जरा खाली गेला. "तू मला एकतीस ओळी वाचायला लावल्यास. जिना आपला बिचारा. तुला भीती माझ्या 'सगळं ठीक'ची आहे. कळतं मला. मी काही वेडी नाही."

मी रडले. तीन वर्षांपूर्वी पुण्यात सगळ्यांना चहा देत फिरताना जे रडायचं राहून गेलं होतं ते सगळं, मेथीच्या ढिगात तोंड घालून. आई म्हणाली, भाजी भिजली की सडते, बाजूला हो. आणि मग तीही रडली.

लेक जिन्यावरून खाली आली, आमच्याकडे बघितलं, म्हणाली, "येअ, नाह, आय'ल कम बॅक," आणि परत वर गेली.

तो कागद मी फाडला. आधी फोल्डरसकट फाडायला गेले, प्लॅस्टिक काही फाटेना, मग बाहेर काढून नीट फाडावा लागला. बदल्यात मी तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. तिकडून जे असेल ते सांगायचं. पडली तर पडले म्हणायचं. कोणालाही आंघोळीला पाठवायचं नाही. आणि ते आधी मला सांगायचं, भावाला नंतर.

सप्टेंबरमध्ये ती पुण्याला गेली. अर्थातच व्हीलचेअर होती. ढकलायला सामोआ बेटांवरची एक धिप्पाड, हसरी बाई. आईने तिला किया ओरा म्हटलं आणि दोघी लगेच काहीतरी बोलायलाही लागल्या. दाराशी पोचल्यावर आई खुर्चीतून उठली, तरातरा चालत माझ्यापर्यंत परत आली आणि आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"आत नेऊ देत नाहीत. तू पी," म्हणाली. मी पिऊन संपवेपर्यंत उभी राहिली. मग जाऊन पुन्हा खुर्चीत बसली.

आता रोज संध्याकाळी पाचला, कामावरून घरी येताना मोटरवेवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा मी गाडीतून फोन लावते. तिकडे सकाळ असते. ती शब्दाला जागते. आज दुसऱ्या मजल्यावर थांबून बसावं लागलं, म्हणते. काल दूध गॅसवर ठेवून विसरले, पातेलं जळलं, घरभर धूर. परवा बाथरूममध्ये पाय सरकला, नळ धरला म्हणून वाचले. कालपासून गुडघा सुजलाय, दाखवू का? आणि कॅमेरा गुडघ्यावर नेते. एक दिवस म्हणाली, आज सकाळी उठले आणि बाबा गेलेत हे दोन मिनिटं आठवलंच नाही, त्यांचाही चहा टाकला.

पूर्वीचं ते "सगळं ठीक" ऐकायला किती सोपं होतं, हे मला आता कळतंय. टाकानिनीचा फाटा येतो, पुढची गाडी हलत नाही, मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरते आणि विचारते, "अजून काय?"

आणि ती सांगते.